थर्ड इयरची आयव्ही: कारखानेही बघायचेत, समुद्रही बघायचाय. सांगलीहून तीन दिवसांचा मार्ग सुचवा

मास्तरीण_सांगली

मंडळी नमस्कार. सांगलीतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. दरवर्षी थर्ड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट (आयव्ही) निघते आणि दरवर्षी तोच खेळ होतो. अर्जावर ‘औद्योगिक भेट’, बस गोव्याच्या वाटेला, मध्ये कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर ग्रुप फोटो, सही-शिक्क्याचं पत्र खिशात, आणि मग थेट कळंगुट. परत आल्यावर एकाचा रिपोर्ट पन्नास जणांच्या नावाने छापून जमा.

यंदा ही सहल माझ्या गळ्यात आली आहे. पोरांची मागणी एकच, समुद्र. माझी मागणी एकच, कारखान्याच्या आत पाय पडला पाहिजे. पन्नासच्या आसपास मुलंमुली, जानेवारीअखेर, दोन रात्री आणि तीन दिवस.

मी कागदावर असं मांडलंय: सांगली, किर्लोस्करवाडी (पंप), कोयनानगर, पोफळीचं भूमिगत वीजगृह, चिपळूण, लोटे एमआयडीसीतला एखादा रासायनिक कारखाना, गुहागर, अंजनवेलचा गॅसवरचा वीजप्रकल्प, तवसाळची जेटी (खाडीपलीकडे गाड्या नेणारी फेरीबोट), जयगडचं कोळशावरचं वीजकेंद्र, गणपतीपुळे, रत्नागिरी, रनपारचा पीव्हीसीचा कारखाना, थिबा राजवाडा, आंबा घाट, कोल्हापूर, सांगली.

जास्त होतंय हे मलाही दिसतंय. काय गाळू, आणि का, ते सांगा. ‘गोव्यालाच न्या’ असं सांगणाऱ्यांचं स्वागत आहे, पण कारण द्यावं लागेल.

गाडीवाला_मिरज

म्याडम, तुमचा कागद आमच्या डायव्हरला वाचून दावला. तो म्हणला, मी त्या तारखेला पावण्यांकडं जातो.

चेष्टा बाजूला. जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. आष्टा, पेठ नाका, कराड, सगळीकडं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना लाल दिवा ना रेडियम. अंधारात पन्नास पोरं घिऊन त्यांच्या मागनं जायचं म्हणजे डायव्हरच्या जिवाला घोर. पहाटं निघा, पण कराडच्या पुढं उजाडलं पायजे असा टाइम धरा. कुंभार्ली घाट दिवसाउजेडी उतरायचा. धुकं असलं तर थांबायचं, पोरांनी कितीबी आरडा केला तरी.

दुसरं. मोठी गाडी जेटीवर चढवायची तर आधी जेटीवाल्याला फोन करून गाडीची लांबी सांगायची. ओहोटीला उतार खडा होतो, मागचं बंपर घासतं. आणि आरे-वारेचा रस्ता व्हिडिओत लई देखणा दिसतो, पण आरुंद आन् चढउताराचा. मोठी गाडी निवळीवरनं घ्या.

तिसरं, रात्रभर गाडी चालवून दुसऱ्या दिवशी त्याच डायव्हरला परत बसवायचं नाय. झोपंची सोय आधी त्याची बघा, मग सरांची.

भडंगप्रेमी

आमच्या वेळची आयव्ही आठवली. नाव घेत नाही, मोठा कारखाना होता. गेटवर तास गेला. मग एका हॉलमध्ये बसवलं, पडदा सोडला, कंपनीची फिल्म दाखवली. त्यात कंपनीचं गेट दिसलं, जे आम्ही तासभर बघत उभेच होतो. नंतर पिवळ्या रेषेच्या अलीकडून शॉप फ्लोअर, पुढचा मुलगा ऐकतोय आणि मागचे चाळीस काहीच नाही. शेवटी चहा, दोन बिस्किटं, पत्र. मशीन कोणती बघितली ते आज विचारलंत तर सांगता येणार नाही. बिस्किट कोणतं होतं ते सांगतो.

तेव्हा मॅडम, सहा कारखाने नको. दोन बघा, पण मुलांचे बारा-पंधराचे गट करून. नाहीतर खरंच गोव्याला न्या, निदान खोटं तरी लिहावं लागणार नाही.

वाडीकर

किर्लोस्करवाडी यादीत बघून बरं वाटलं, तरी सांगतो, ती या सहलीतून काढा. घरातल्या देवाला यात्रेच्या वाटेवर नमस्कार करून उरकायचं, असं होईल ते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून इथं आले ते 1910 मध्ये. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढं पंप. फाउंड्री, मशीन शॉप, टेस्टिंग, सगळं नीट बघायचं तर आख्खा दिवस हवा. आणि सांगली-मिरजेहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुक्कामाचे पैसे नाहीत, बसचे पैसे नाहीत. फेब्रुवारीत एका शनिवारी स्वतंत्र न्या. कोकणात जाताना वाटेत ‘उरकायची’ जागा नाही ती.

पोफळी_निवृत्त

आयुष्याची बरीच वर्षं पोफळी आणि अलोऱ्यात काढली, आता कराडला असतो. त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट परवानगीची. कोयना धरण जलसंपदा खात्याचं आणि वीजगृहं महानिर्मितीची, म्हणजे दोन अर्ज दोन दारांत. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रासह, चांगले दीड-दोन महिने आधी. मोबाइल, कॅमेरा आत नाही. मुलांना हे घरून निघतानाच सांगा, बोगद्याच्या तोंडाशी नको.

आता काय बघायचं. बहुतेक सहली धरणाची भिंत बघतात, नेहरू उद्यानात डबे खातात आणि निघतात. भिंत 103 मीटर उंच आहे, साठा 105 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आहे, ठीक. पण वीजनिर्मितीचा मोठा भाग त्या भिंतीपाशी होतच नाही. शिवसागर जलाशयाचं पाणी नवजाच्या बाजूने डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरतं, सह्याद्री आतून ओलांडतं आणि कोकणच्या अंगाला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं. त्या कड्याच्या पोटात पोफळीचं वीजगृह कोरलेलं आहे. टप्पा एक आणि दोन, मिळून 600 मेगावॉट, पेल्टन टर्बाइन, म्हणजे पाण्याची धार चाकाच्या वाट्यांवर मारतात ते. त्यानंतर कित्येक वर्षांनी झालेला टप्पा चार 1000 मेगावॉटचा, त्याचे चार संच प्रत्येकी 250 चे, पण फ्रान्सिस, म्हणजे चाक पूर्ण पाण्यात फिरतं ते. उंची साधारण तीच, मग टर्बाइनचा प्रकार का बदलला? हा प्रश्न तुमच्या मुलांना जाण्याआधीच घाला. उत्तर शोधून आलेला मुलगा आत वेगळ्या नजरेने बघतो, हे मी शेकडो पोरांना आत नेऊन सांगतो.

वापरलेलं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात साठतं. तिथून तिसरा टप्पा, 320 मेगावॉट. म्हणजे त्याच पाण्याला दुसऱ्यांदा कामाला लावलं. मग ते वाशिष्ठी नदीत आणि चिपळूणवरून खाडीला.

चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या तलावाला तळातून भोक पाडावं लागलं. तलाव रिकामा करणं शक्य नव्हतं, म्हणून बोगदा खालून तलावाच्या तळापर्यंत आणला, शेवटचा खडकाचा बूच ठेवला आणि तो सुरुंगाने उडवला. हे पहिलं लेक टॅपिंग 1999 च्या मार्चमध्ये झालं, दुसरं 2012 च्या एप्रिलमध्ये. त्याची चित्रं वर्गात आधी दाखवा. आत गेल्यावर दिसणार काहीच नाही, फक्त खडक आणि घरघर.

आणि आता जे मी प्रत्येक सांगलीकराला सांगतो ते. पावसाळ्यात तुम्ही पेपरात वाचता, ‘पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग’. ते पाणी पूर्वेला येतं. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळतं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. त्या 2100 क्युसेकमधून पायथ्याला जेमतेम 40 मेगावॉट निघतात, कारण तिथं उंची फक्त धरणाची. तेवढंच पाणी पश्चिमेला सोडलं तर चौथ्या टप्प्यातून अडीचशेच्या घरात निघतात, आणि कोळकेवाडीला वर पन्नासेक. सात-साडेसात पट. पण पश्चिमेला गेलेला थेंब सांगलीच्या शेतात परत येत नाही. म्हणून कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेला नेण्याच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली.

विद्यार्थ्यांना समुद्र दाखवायचाय ना? वाशिष्ठीच्या काठाने समुद्राकडे न्या. सांगलीला न आलेलं पाणी कुठं जातं ते दिसेल.

मास्तरीण_सांगली

काका, तुमचा आकडा मी लगेच वहीत करून बघितला. शक्ती म्हणजे घनता, गुरुत्व, प्रवाह, उंची आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार. 2100 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण साठ घनमीटर. कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर पायथ्याला चाळीसच्या आत-बाहेर आणि पावणेपाचशे मीटरला बरोबर अडीचशे. सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र आहे, पण त्यात आयर्विन पूल घालून मी कधी शिकवलं नव्हतं.

आणि पुढचं माझ्या डोक्यात आलं ते असं, की पूर्वेला आलेलं पाणी आपण म्हैसाळला पंपांनी वर उचलतो, कवठेमहांकाळ, जतकडे. म्हणजे या बाजूला सोडलं की वीज कमी मिळते आणि वर वीज खर्चही होते. तरी जतच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो हिशोब वेगळाच मांडेल, आणि तोही खोटा नसेल. मुलांना गटात भांडायला उत्तम विषय आहे.

किर्लोस्करवाडी काढली. वाडीकर म्हणतात तसा शनिवार लावते.

तृतीय_वर्ष_ब

मॅडम… तुम्ही?

आम्ही पाचजण हॉस्टेलवर हा धागा वाचतोय. ‘एकाचा रिपोर्ट पन्नास जणांच्या नावाने’ हे कुणाबद्दल ते कळलं.

आमची बाजू सांगतो. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी समुद्र बघितलेलाच नाही. एक जण आटपाडीचा, दोघं जतचे. गोवा आम्हाला बीअरसाठी नको आहे (काहींना असेल, नावं सांगणार नाही). गोवा हवा कारण तिथं काय करायचं ते माहिती आहे, रिल्समध्ये बघितलंय. गुहागर म्हणजे काय ते कुणालाच माहिती नाही. आणि ‘कारखाना’ म्हटलं की हॉलमध्ये बसवतात, हे वरच्या सरांनी लिहिलंय तेच सीनियर सांगतात. समुद्रावर निदान तीन तास द्या. दर्शन, फोटो, चला बसा, असं नको.

खाडीपलीकडची

तृतीय वर्ष, तुझं म्हणणं रास्त आहे. मी गुहागर तालुक्यातली, त्यामुळे मला पक्षपाती समजायला हरकत नाही. गुहागरचा किनारा लांबच लांब आणि सपाट, सुरूच्या बनाची सावली, गर्दी गणपतीपुळ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पहिला मुक्काम इथंच करा. संध्याकाळ आख्खी समुद्रावर, सकाळी व्याडेश्वर. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी बघायची, लाट घळीत शिरून वर उसळते ती. पण कडेला जायचं नाही. खडक शेवाळाचा असतो आणि तिथं फोटोच्या नादात माणसं गेलेली आहेत.

आता अंजनवेल. एन्रॉनचं नाव तुमच्या मुलांनी ऐकलं असेल का, शंकाच आहे. त्यांच्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमच्या घरात मात्र दोन्ही बाजू होत्या, एक काका आंदोलनात आणि दुसरा काका कंत्राटदार. परदेशी कंपनी आली, नाफ्त्यावर पहिला टप्पा चालू झाला, वीज महाग पडली, राज्य वीज मंडळाने 2001 मध्ये घेणं थांबवलं, मूळ कंपनी अमेरिकेत त्याच वर्षी बुडाली. प्रकल्प गंजत पडला. 2005 मध्ये सरकारी कंपन्यांची नवी कंपनी काढून तो पुन्हा उभा केला. क्षमता 1967 मेगावॉट. मग गॅस मिळेना. शेजारी द्रवरूप गॅस उतरवायचं टर्मिनल झालं, तर लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून पावसाळ्यात जहाज लागत नसे. आत जायची परवानगी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी गोपाळगडावर उभं राहून हे सगळं खाली दिसतं, आणि मुलांना बरंच कळतं. वीजप्रकल्प नुसत्या टर्बाइनवर चालत नाही. इंधनाचा करार, बंदर, वीज घेणारं गिऱ्हाईक, यातला एक पाय मोडला की सगळंच बसतं.

जेवणाचं सांगते. सांगलीची मुलं म्हणजे जैन मुलं असणारच. घरगुती खानावळीत आधी सांगितलं तर कांदा-लसूण नसलेलं करून देतात, पण ‘आधी’ म्हणजे दोन दिवस आधी. पन्नास माणसांचं ताट ऐनवेळी कुणी वाढणार नाही. मासे खाणाऱ्यांसाठी वेगळी पंगत आणि वेगळा दर, हेही ठरवून या.

पालक_कुपवाड

मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे, मुलगी थर्ड इयरला (दुसऱ्या कॉलेजात). पालक म्हणून दोनच गोष्टी.

2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, ते कुठलाच आईबाप विसरलेला नाही. तेव्हापासून परिपत्रकं निघाली, हमीपत्रं आली. हमीपत्रावर आम्ही सही करतो, पण त्याने पाणी उथळ होत नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र उतरायला धोक्याचा आहे, पाटी लावलेली असते, तरी दरवर्षी बातमी येते. पाण्यात उतरायचं नाही असा नियम असेल तर तो सरांनाही लागू असू द्या. सर गुडघाभर गेले की मुलं कमरेपर्यंत जातात.

दुसरं, मुलींच्या मुक्कामाला महिला शिक्षक त्याच मजल्यावर असाव्यात.

आणि एक कामाचं. आमच्या शॉपमध्ये मुलं येतात तेव्हा आम्हीही वैतागतो, कारण कुणी काही विचारत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘या मशिनचा कामगार आठ तास उभा असतो, तर पायाखाली लाकडी फळी का?’ त्या एका प्रश्नावर फोरमन अर्धा तास बोलला.

दुर्गभिडू

विजयदुर्ग कसा काय विसरलात सगळे? हेलियमचा शोध तिथं लागला! 1868 च्या सूर्यग्रहणाला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर विजयदुर्गावर दुर्बीण लावून बसला होता. साहेबाचे कट्टे अजून आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांना याहून भारी काय?

वर्णपट

दुर्गभिडू, किल्ला भारी आहे यात वाद नाही, पण ही कथा जरा आवरा. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता हेही खरं. पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होता. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला आणि हेलियमची पिवळी रेषा नोंदवली. भारतात ग्रहणाचं निरीक्षण करणारा फ्रेंच जान्सेन गुंटूरला होता. विजयदुर्गला मुलांना नेलंत तर एवढं सांगून न्या, नाहीतर तेही पुढं हेच सांगत फिरतील.

दुर्गभिडू

गावात दर 18 ऑगस्टला कार्यक्रम होतो, तिथं जाऊन सांगा हे. मी बाजूला उभा राहतो.

मास्तरीण_सांगली

दोघांनी वेगळा धागा काढा, मी वाचीन. विजयदुर्ग आपल्या वाटेवर नाही, त्यामुळे प्रश्न मिटला.

काजूवाली_साखरपा

तुम्ही परतताना आंबा घाटाने येणार म्हणजे आमच्या दारावरून जाणार. माझं काजूचं छोटं युनिट आहे, बायका दहा-बारा. मोठ्या कंपनीची परवानगी मिळेल न मिळेल, आमच्याकडे गेटच नाही.

बघायला काय आहे विचाराल तर: बी वाफवायची, गार करायची, मग कटरवर एकेक फोडायची. हाताने बी धरायची, पायाने पॅडल. टरफलाच्या तेलाने हात भाजतात म्हणून खोबरेल किंवा हातमोजे. मग गर ड्रायरमध्ये, मग साल काढणं, मग प्रतवारी. 320 नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात साधारण 320 गर, 180 नंबर म्हणजे मोठा आणि महाग. तुकडा पडला की दर निम्म्यावर येतो, म्हणून सगळा जीव त्या फोडण्यात.

माझी अडचण तुमच्या इलेक्ट्रिकलच्या मुलांसमोर मांडते. ड्रायरमध्ये वरचा ट्रे करपतो आणि खालचा ओला राहतो, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सगळंच गणित फिसकटतं. विक्रेता म्हणतो नवीन मशीन घ्या. तुमच्या पोरांनी बघून सांगावं की पंखा बदलून भागेल का. चहा माझ्याकडून, घावणेसुद्धा. काजू मात्र विकत.

भडंगप्रेमी

हे काजूवालं सोडू नका मॅडम. बाकी काही गाळा.

तृतीय_वर्ष_ब

आमच्यातला जतचा मुलगा म्हणतो, त्यांच्याकडे बेदाण्याच्या शेडमध्ये हाच त्रास आहे, वरच्या जाळीवरचा आणि खालच्या जाळीवरचा माल सारखा वाळत नाही. तो आत्तापासूनच काहीतरी काढत बसलाय. आम्ही त्याला जेवायला बोलावतोय, येत नाही.

पोफळी_निवृत्त

हे बरं झालं. आता जयगड आणि रनपारचं बोलतो. जयगडचं केंद्र 1200 मेगावॉट, चार संच, कोळसा बाहेरून जहाजाने शेजारच्याच बंदरात येतो. बघण्यासारखं आहे. पण पोफळी बघितल्यावर तिथं एकच गोष्ट शिकायची राहते: थंड पडलेला कोळशाचा संच चालू करायला तास लागतात आणि पाण्याचा संच काही मिनिटांत भार घेतो. म्हणूनच संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राचे दिवे लागतात तेव्हा कोयनेला हाक जाते. हे वर्गात सांगून भागेल. बाहेरून चिमणी दाखवा आणि पुढं व्हा.

खाडीपलीकडची

सहमत. जयगडला त्याऐवजी किल्ला आणि दीपगृह करा, कऱ्हाटेश्वराचं देऊळ अगदी लाटांच्या तोंडाशी आहे. तवसाळची जेटी मुलांना सगळ्यात जास्त आवडेल बघा. बससकट पाण्यावर.

रनपारचं मात्र ठेवा. पाइप बनतो तो पीव्हीसी तिथं कच्च्या मालापासून तयार होतो, आणि कच्चा माल थेट समुद्रातल्या स्वतःच्या जेटीवर उतरतो. तासगावच्या द्राक्षबागांतून पीव्हीसीच्या नळ्या पसरलेल्या आहेत, तर मुलांनी त्याचं मूळ बघावं. लोट्याचा रासायनिक कारखाना काढा, रसायनवाल्या शाखेची मुलं असती तर गोष्ट वेगळी.

गाडीवाला_मिरज

बससकट पाण्यावर म्हणजे आधी पोरं खाली उतरवायची, मग गाडी चढवायची, मग पोरं चालत आत. गाडीत बसून कुणी जायचं नाय. ह्यो नियम माझा हाय, जेटीवाल्याचा असो नसो.

मास्तरीण_सांगली

सगळ्यांचं वाचून पक्कं केलं. विभागप्रमुखांना आज दाखवलं. त्यांनी आधी ‘गोवा का नाही?’ असंच विचारलं, मग कोयनेचा हिशोब दाखवल्यावर स्वतःच फळ्यावर गणित करत बसले.

पहिला दिवस: पहाटे निघून कराड, पाटण, कोयनानगर. धरण लांबून, उद्यानात नाश्ता. पोफळीत चार गट. परवानगीचे दोन्ही अर्ज काल रवाना केलेत. त्यानंतर कोळकेवाडी नुसती बाहेरून, चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर थोडा वेळ. 2021 च्या जुलैत हे शहर बुडालं होतं आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आपलं, आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर होतं. दोन्ही गावांत लोक एकाच धरणाकडे बोट दाखवतात. कोणतं बोट कितपत खरं, हे पूर्व-पश्चिम पाण्याच्या गटाने बघायचं. रात्री गुहागर.

दुसरा दिवस: सकाळचे तीन तास समुद्र, घड्याळ लावून. तृतीय वर्ष, लिहून घे. पाण्यात घोट्यापर्यंत, मीसुद्धा. मग गोपाळगड. अंजनवेलच्या प्रकल्पाला अर्ज केलाय, आत सोडलं तर उत्तम, नाहीतर किल्ल्यावरूनच. हेदवी, तवसाळची जेटी, जयगड, रात्री गणपतीपुळे. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक वाटेवर आहे, मराठी मीडियमची मुलं आधीच मागे लागलीत.

तिसरा दिवस: रनपार, मग वेळ उरला तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा इथं कैदेत आणून ठेवला होता आणि 1916 मध्ये इथंच वारला, एवढं माझ्या मुलांना माहिती नाही. मग साखरपा, काजू, आंबा घाट, रात्री उशिरा सांगली.

लोटे, जयगडचं केंद्र आणि किर्लोस्करवाडी गाळलं. रिपोर्ट एकेकाचा नाही, गटाचा, आणि चार विषय: पूर्वेचं पाणी-पश्चिमेचं पाणी, पेल्टन की फ्रान्सिस, अंजनवेल का अडखळलं, आणि काजूचा ड्रायर. ड्रायरवाल्या गटाने साखरप्याला उत्तर द्यायचं आहे, मला नाही.

वाडीकर

शनिवारचं विसरू नका.

पालक_कुपवाड

आमच्या मुलीच्या कॉलेजात हे छापून देऊ का? नाव तुमचं घालतो, म्हणजे टोपणनाव.

मास्तरीण_सांगली

द्या की. फक्त परवानगीचे अर्ज त्यांनी त्यांचे करावेत.

काजूवाली_साखरपा

किती वाजता याल ते आदल्या दिवशी कळवा. बायका पाचला घरी जातात, त्यांना थांबवणार नाही. त्या गेल्यावर आलात तर नुसता ड्रायर बघायला मिळेल.

गाडीवाला_मिरज

म्याडम, मग तिसऱ्या दिवशी रनपारहून बारालाच हलायला पायजे. राजवाडा बाहेरनं दावा. आन् पहाटं चारला पुष्पराज चौकात गाडी लागंल. सव्वाचारला सुटंल, कुणाची आंघोळ राहिली तरी.

तृतीय_वर्ष_ब

काका, गाडीत साउंड सिस्टीम आहे का?

गाडीवाला_मिरज

हाय. कराडपर्यंत बंद.